कंसातला सांबार

मराठी पाककृतींच्या लेखनात सगळ्यात कमी लक्ष जातं ते कंसाकडे. साहित्याच्या यादीत तो निमूट बसलेला असतो. 'चुरमुरे (मुरमुरे)'. 'लाल भोपळा (डांगर)'. 'कोथिंबीर (सांबार)'. वाचणारा पुढे सरकतो, तेल तापतं, मोहरी तडतडते, आणि कंसाबाहेर कोण बसलं नि आत कोण, याचा विचार करायला कुणाला सवड नसते. ज्याचा शब्द नेहमी आत असतो, त्याला मात्र तो कंस दिसतो.

माझा शब्द आत असतो. अमरावतीकडे सांबार म्हणजे मुळांना माती लागलेली हिरवीगार जुडी. भाजीवर भुरभुरायची, चटणीत वाटायची, आणि हिवाळ्यात स्वस्त झाली की खसखस-खोबऱ्यासोबत परतून, पातळ पारीत गुंडाळून तळायची. ती सांबारवडी. शिकायला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्यांना विचारलं, "काका, सांबार आहे का?" "सांबार हॉटेलात मिळतं ताई, इडलीसोबत." शेजारच्या दोघी हसल्या, मीही हसले. काकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या टोपलीत सांबार होता, भाषेत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी कोथिंबीर म्हणायला लागले, आणि आता इतकी वर्षं म्हणतेय की घरी फोनवर बोलताना तोच शब्द तोंडून निघाला तर आई क्षणभर थांबते.

हे गाऱ्हाणं नाही. शहर बदललं की चार शब्द बदलतात, त्यात रडण्यासारखं काही नाही. मला बोलायचंय ते लिहिण्याबद्दल. मराठीत खाण्यापिण्यावर जे लिहिलं जातं, म्हणजे पाककृतींची पुस्तकं, पुरवण्यांमधली सदरं, हॉटेलांची मेनूकार्डं, रेसिपीच्या व्हिडिओखालची ओळ, त्या सगळ्यांनी प्रादेशिक शब्दांसाठी एकच सोय करून ठेवली आहे: कंस. आणि कंस एक दावा करतो. आतला शब्द आणि बाहेरचा शब्द म्हणजे एकच वस्तू. खाण्याच्या बाबतीत हा दावा बहुतेक वेळा खोटा असतो.

खरा असतो तिथे मजा असते, हेही सांगायला हवं. मुंबई-कोकणात कुरमुरे, पुणे-सांगली-कोल्हापूरकडे चुरमुरे, विदर्भ-मराठवाडा-खानदेशात मुरमुरे. वस्तू तीच. तिन्ही नावं दाताखालच्या आवाजासारखीच वाजतात. एकच आवाज, कुणाला कुर् ऐकू आला, कुणाला चुर्, कुणाला मुर्. इथे कंस घाला, बिनधास्त घाला. फक्त सांगलीकरासमोर 'चुरमुरे (भडंग)' असं लिहू नका.

आता कोहळं घ्या. विदर्भात कोहळं म्हणजे लाल भोपळा, ज्याची मेथीदाण्याची फोडणी घालून आंबटगोड भाजी करतात. राज्याच्या बाकी बऱ्याच भागांत कोहळा म्हणजे पांढरट, राख फासल्यासारखं दिसणारं फळ, जे नव्या घराच्या दारावर टांगतात आणि ज्याचा पेठा होतो. लाल भोपळ्याला नाशिक-खानदेशाकडे डांगर म्हणतात, गंगाफळही म्हणतात. आणि पुण्यातल्या जुन्या घरात डांगर मागितलंत तर उडदाच्या पिठात दही-ताक कालवून, वर फोडणी दिलेलं तोंडीलावणं पुढे येईल. म्हणजे 'भोपळा (डांगर)' हा कंस नाशिकात खरा आणि पुण्यात हास्यास्पद. पाककृती कुठे वाचली जाणार हे लिहिणारीला माहीत नसतं, आणि कंस मात्र असा ठामपणे लिहिलेला असतो की जणू सगळीकडे एकच मंडई आहे.

चटणीचं प्रकरण जास्त धोक्याचं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे घरची कांदा-लसूण चटणी, वर्षाची करून बरणीत भरून ठेवलेली, जी कालवणात, भाजीत, रश्श्यात पडतेच पडते. 'दोन चमचे चटणी घाला' हे वाक्य कोल्हापुरात पुरेसं आहे. मुंबईत हेच वाक्य वाचणारी मुलगी फ्रीजमधली हिरवी खोबऱ्याची चटणी काढेल. तिच्या घरी त्या जागी 'मसाला' हा शब्द आहे, आणि आणखी कुठे 'तिखट'. चटणी, मसाला, तिखट हे तीन शब्द एकमेकांच्या कंसात बसत नाहीत. कारण एकात कांदा-लसूण आहे, एकात भाजलेले खडे मसाले आहेत आणि एकात नुसती मिरची.

कोकमाच्या बाबतीत तर कंस सरळ एक अख्खा उन्हाळा खाऊन टाकतो. झाडावरून उतरलेलं ताजं लाल फळ म्हणजे रत्नागिरीकडे रातांबा, गोव्यात भिरंड. फळ फोडून, साल वेगळी करून, तिला मिठाचे आणि त्याच फळाच्या रसाचे हात देत देत उन्हात वाळवली की ती होते आमसूल, किंवा कोकम, किंवा तळकोकणात-गोव्यात सोल. ज्या लोकांकडे झाड आहे त्यांच्याकडे फळाला एक शब्द आणि वाळल्या सालीला दुसरा आहे. ज्यांच्याकडे फक्त वाण्याची पुडी येते, त्यांना एकच शब्द पुरतो. 'कोकम (रातांबा)' असं लिहिणाऱ्याने फळ आणि पुडी यांच्यामधले उन्हाचे दिवस आणि ते राबलेले हात पुसून टाकले. शब्द जास्त आहेत तिथे काम जास्त झालेलं असतं, हा माझा साधा ठोकताळा आहे आणि तो फारसा चुकत नाही.

(पुणेकर शेंगदाण्याला नुसतं 'दाणे' म्हणतो, जणू जगात दुसरे दाणेच नाहीत. आमच्याकडे फल्लीदाणे. कुठल्याच पुस्तकात मी 'दाणे' या शब्दापुढे कंस पाहिलेला नाही.)

काही नावांच्या मागे सरळ राजवटी उभ्या आहेत. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, किनाऱ्यावर उतरला आणि मुंबई इलाख्यात पसरला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, मराठवाडा निजामाकडे. तिथे हिंदी-उर्दूच्या शेजारामुळे आलू रुळला. १९६० साली महाराष्ट्र एक झाला, बटाटावडा आणि आलुबोंडा एक झाले नाहीत. पेरूही तसाच. पश्चिमेकडे पेरू, विदर्भात जाम, मराठवाड्यात जांब. आणि कोकणात जाम म्हटलं की पांढरं, पाणचट, घंटेच्या आकाराचं निराळंच फळ. मला तरी 'आलू' ऐकून कुणी हिंदीचं आक्रमण वगैरे म्हणायला लागलं की हसू येतं, कारण म्हणणाऱ्याच्या हातात पोर्तुगीज बटाटा असतो, तोही पोर्तुगीज पावात.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पोळीपाशी आलं की गंमत संपते.

पुण्या-मुंबईत 'तुम्ही पोळी म्हणता की चपाती?' हा आडनाव विचारण्याचा सभ्य मार्ग आहे. पोळी म्हणणारे एका बाजूचे, चपाती म्हणणारे दुसऱ्या. यावर विनोद होतात, रील्स होतात, आणि प्रत्येक विनोदात गृहीत धरलेलं असतं की पोळी हा शुद्ध शब्द आणि चपाती हा कुठून तरी आलेला. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या असंख्य घरांत पोळी या शब्दाला स्वतःचं पक्कं काम आहे. पोळी म्हणजे पुरणपोळी. ती होळीला होते, बेंदराला होते, पाव्हणे आले की होते. रोजच्या गव्हाच्या, तेल लावून लाटलेल्या भाकरीच्या भावंडाला तोच शब्द कसा वापरायचा? म्हणून चपाती. त्या घरातल्या बाईसमोर 'चपाती (पोळी)' असं छापलेलं ठेवलं, तर तो कंस तिच्यासाठी चक्क चूक आहे. तिची पोळी आणि तिची चपाती या दोन वस्तू आहेत, दोन दिवस आहेत. कंस तिला सांगतो की तुझा सण हा आमचा मंगळवार आहे.

याच्या मागे धान्याचा इतिहास आहे. देशावर रोजचं अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. गहू सणाचा, पाहुण्यांचा. ज्यांच्या घरी गहू रोज होता त्यांच्याकडे पोळी हा शब्द रोजचा झाला. त्यामुळे पोळी-चपाती वादाला जातीचा वास येतो, आणि तो येतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा सिद्धांत घेऊन विदर्भात गेलात तर फसाल. आमच्या गल्लीत सगळ्या जातींच्या घरांत गव्हाची ती पोळीच होती. भाकर खाणाऱ्यांची पोळी, दोन्ही वेळा भात खाणाऱ्यांची पोळी. पुण्यात मी पोळी म्हटलं की समोरचा माझ्याबद्दल एक अंदाज बांधून मोकळा होतो, आणि तो अंदाज साफ चुकतो. नुसता गहू महाग होता एवढ्यावर शब्दाचा हिशेब लागत नाही, आणि पुण्यात खरं असलेलं महाराष्ट्रात खरं असतंच असंही नाही. जातीची टीका करणारे लेखही कधी कधी हीच चूक करतात. त्यांचा महाराष्ट्रसुद्धा लोणावळ्यापासून कऱ्हाडपर्यंतचा असतो.

गोव्यात गेलं तर पुन्हा पाटी कोरी. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो आणि त्याच्याकडे पोय असते, कोंडा लावलेला, आतून पोकळ असा पाव. आणि पोळो म्हणजे तव्यावरचा, डोशाच्या कुळातला. आता घाला कंस.

माझ्या मते या सगळ्या शब्दांतला सगळ्यात सुंदर शब्द 'कोरड्यास' आहे, आणि कंसाने सगळ्यात जास्त मारलेला शब्दही तोच. सोलापूर-सातारा-सांगली पट्ट्यातल्या खेड्यांत भाकरीसोबत जे काही ओलं असेल ते कोरड्यास. शब्दातच वाक्य आहे: भाकरी कोरडी आहे, त्या कोरड्यास लावायला काहीतरी. 'स' हा प्रत्यय नामात विरघळून गेला आहे. आज कोरड्यास काय? डाळ असेल, हुलग्याचं असेल, नुसतं मिठातिखटाचं पाणी असेल. पदार्थाचं नाव तो कशाचा आहे यावरून पडलेलं नाही. तो काय करतो यावरून पडलं आहे. तोंडीलावणं हाही तसलाच शब्द. कालवणही तसाच, ज्यात कालवायचं ते. देशावर कालवण डाळीचं, अंड्याचं, मटणाचं काहीही असू शकतं. रायगड-मुंबईच्या कोळीवाड्यांत कालवण म्हटलं की मासळी धरलेलीच असते.

आता पाककृतीचं पुस्तक या शब्दांशी काय करतं? 'कोरड्यास (आमटी)'. आमटीत आंबट आहे, गूळ आहे, ठरलेला मसाला आहे. कोरड्यासात यातलं काही असेल, किंवा यातलं काहीच नसेल. पुस्तकाला पदार्थ हवा असतो, ठरलेल्या साहित्याचा, ठरलेल्या नावाचा. कोरड्यास हा पदार्थच नाही. ती ताटातली एक जागा आहे, आणि त्या दिवशी घरात जे असेल ते त्या जागेवर बसतं. पदार्थांच्या भाषेत लिहिणाऱ्या पुस्तकाला ही जागा दिसत नाही, कारण ज्या स्वयंपाकघरातून ते पुस्तक निघालं तिथे 'आज काय आहे' हा प्रश्न पडत नव्हता, 'आज काय करू' हा पडत होता.

पुस्तकांवर हे बोलताना थोडं जपून बोलायला हवं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं, १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा हातात देऊन कितीतरी मुलींना सासर-माहेर दोन्हींपासून लांब, परक्या गावात, परक्या देशात स्वयंपाक शिकवला. 'अंदाजाने' या शब्दाची दहशत तिने मोडली. माझ्या खोलीवरही तिची प्रत होती आणि माझी पहिली धड जमलेली उसळ तिचीच. माझी तक्रार पुस्तकाशी नाही, आपण त्याला जे करून ठेवलं त्याच्याशी आहे. एका पुस्तकाने मापं प्रमाण केली आणि पुढच्या सगळ्यांनी त्यासोबत नावंही प्रमाण समजून घेतली. एका भागातल्या, एका थरातल्या स्वयंपाकघराची भाषा ही मराठी स्वयंपाकाची भाषा झाली, आणि बाकीच्यांच्या वाट्याला कंस आला.

याच सुमाराला मराठी साहित्यात काय चाललं होतं ते पाहा. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते. 'रुचिरा'नंतर एकाच वर्षाने, १९७१ साली आनंद यादवांची 'गोतावळा' आली, आणि तिथे नुसते संवाद नाही तर सबंध कादंबरीच नारबाच्या, कोल्हापूरकडच्या बोलीत सांगितलेली. मधे उभा राहून 'म्हणजे बरं का' असं समजावणारा प्रमाण मराठीतला निवेदक तिथे नाही. वाचक अडला का? चार पानं अडला असेल. मग नारबाच्या भाषेतच विचार करायला लागला. कादंबरीने पन्नासेक वर्षांपूर्वी वाचकावर जो विश्वास टाकला, तो पाककृतीच्या लेखनाने अजून टाकलेला नाही. ज्या वाचकाला आख्खी बोली पेलते, त्याला 'चून' हा एक शब्द पेलणार नाही असं आपण का धरून चालतो?

चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. म्हणजे, पुन्हा बघा, मीही कंसच घातला. पिठापासून पिठलं आणि चूर्णापासून चून, दोन्ही नावं एकाच विचारातून निघालेली. पण चुनात जी लसूण-मिरची पडते आणि ज्या भाकरीवर ते पडतं ती वेगळी. झुणका त्याहून कोरडा, सुटा. कोकणात कुळथाची पिठी, ती पिठीच. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात जेवण द्यायचं ठरवलं तेव्हा त्याचं नाव पडलं झुणका-भाकर. चून-भाकर पडलं नाही. एका सरकारी पाटीने एका भागाचा शब्द नाक्यानाक्यावर नेला, आणि आमच्याकडेही केंद्रापुढे उभं राहून लोक 'झुणका' म्हणू लागले. २०२० साली शिवभोजन थाळी आली, तिच्यात चपाती आली आणि वरण आलं. सरकार नाव देताना कंस घालत नाही. निवडतं. एका अर्थी ते जास्त प्रामाणिक आहे.

आणि काही शब्द असे आहेत की ज्यांच्यापुढे कंस उघडला तर आत लिहायला काहीच नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं अन्न, ते शिजवण्याच्या रीती, आणि ते खाणाऱ्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, हे सगळं त्यात आहे. चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवलेल्या. रक्ती. या शब्दांना पुण्याचा पर्याय नाही, नागपूरचा नाही, कारण ज्यांनी पर्याय दिले असते त्यांनी ही वस्तू पाहिलीच नाही, किंवा पाहून मान वळवली. माझ्या लेखातले आत्तापर्यंतचे सगळे शब्द निदान कंसात तरी पोचले होते. हे तिथवरही पोचले नव्हते. त्यामुळे सांबार आणि कोथिंबिरीच्या माझ्या दुःखाला हे पुस्तक वाचल्यावर बरीच शिस्त लागली.

पुस्तकाच्या नावाचं पुढे काय झालं तेही बोलकं आहे. मराठी नाव एका पाठ असलेल्या वचनाला दिलेलं उत्तर आहे. जेवणाआधी ते वचन म्हटलेल्या प्रत्येकाला टोचणारं. २०२४ साली इंग्रजी अनुवाद आला तो 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने. इंग्रजी वाचकाला ते वचन माहीत नाही, म्हणून नाव बदललं, हे समजण्यासारखं आहे. पण उत्तर जाऊन पत्ता आला. नावात जात आणि प्रदेश आले, आणि ज्याला उद्देशून ते बोललं गेलं होतं तो मराठी माणूस नावातून सुटला.

भुकेचे शब्द पुस्तकांत येत नाहीत, हे नुसतं जातीपुरतं नाही. १९७२च्या दुष्काळाने मराठीला मिलो हा शब्द दिला, बाहेरून आलेली लाल ज्वारी. आणि सुकडी घराघरात पोचवली, दुष्काळी कामांवर मजुरांना मिळायची ती. त्या पिढीच्या कुणाहीसमोर हे शब्द उच्चारून पाहा, चेहरा बदलतो. पाककृतीच्या पुस्तकात सुकडी असलीच तर गुजराती मिठाई म्हणून असते.

अलीकडे वारं फिरलंय असं म्हणतात. आता बोलीतल्या शब्दांना भाव आहे. हायवेवरच्या हॉटेलांवर 'गावरान', 'अस्सल', 'चुलीवरचं'. खर्डा आणि ठेचा एकाच मेनूवर, दोन किमतींना. मला यात फार आनंद होत नाही. कारण तिथे शब्द कंसातून बाहेर येतो तो अवतरणचिन्हांत जाऊन बसतो. तो नाव राहत नाही, सजावट होतो, भिंतीवर टांगलेल्या जात्यासारखा. 'गावरान कोरड्यास' असं लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण दिसेल लवकरच, अडीचशे रुपयांना, आणि वाटीत आमटी असेल.

खेड्यांतल्या बायकांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ मला या सगळ्यापेक्षा जास्त खरे वाटतात. त्यात ती बोलता बोलता म्हणते, 'आता यात जरा येसूर घालायचा', आणि मूठ पातेल्यात जाते. येसूर म्हणजे काय हे माहीत नसलं तरी भाजलेल्या धान्या-मसाल्याचं खरबरीत पीठ दिसतं, रस्सा दाट होताना दिसतो. हातच समजावतो, कंसाची गरजच पडत नाही. लेखनालाही हे जमू शकतं. त्यासाठी कंसाऐवजी एक वाक्य खर्च करावं लागतं. 'आमच्याकडे येसूर घालतात; धान्यं आणि मसाले भाजून भरडलेलं पीठ, त्याने रस्सा मिळून येतो.' झालं. वाचणारीला वस्तू कळली, नाव कळलं, गाव कळलं. 'येसूर (मसाला)' असं लिहिलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं, फक्त आपल्याला कळलं असं वाटलं असतं.

पण याच व्हिडिओंची शीर्षकं वाचा. आत ती 'चून' म्हणत असते आणि वर 'झणझणीत गावरान पिठलं' असतं. दोष तिचा नाही. चून शोधणारे थोडे, पिठलं शोधणारे पुष्कळ, आणि शोधण्याच्या चौकटीत जे जास्त टाइप होतं तेच नाव वर लावावं लागतं. छापील पुस्तकातल्या कंसावर मी इतकं तोंडसुख घेतलं. पण त्यात दुसऱ्या शब्दाला निदान जागा होती. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त तर शब्दापुढे (व.), (कों.), (गो.) अशा खुणा असत, वऱ्हाडी, कोकणी, गोमंतकी. खूण लावणं म्हणजे थोडं वेगळं बसवणंच; तरी वऱ्हाडातल्या माणसाला आपला शब्द कोशात सापडत होता. शोधचौकटीत कंस नसतो. जिंकलेला शब्द असतो, आणि 'काहीही सापडलं नाही'.

मागच्या आठवड्यात पाव्हणे यायचे होते, सांबारवडी करायची होती. किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपवर सवयीने, किंवा आईशी नुकतीच बोलले होते म्हणून, मी 'सांबार' टाइप केलं. सहा कंपन्यांचे सांबार मसाले आले, एक इन्स्टंट इडलीचं पाकीट आलं. मग 'कोथिंबीर' टाइप केलं. जुडी आली दहा मिनिटांत, मुळं कापलेली, स्वच्छ धुतलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीवर तिसरंच नाव छापलं होतं: धनिया.